एका हाताने स्वयंपाक: स्ट्रोकनंतरच्या चौदा आठवड्यांच्या नोंदी

३ मार्च, रविवार

जानेवारीच्या मध्यात मला स्ट्रोक आला. वय ५४. डावी बाजू गेली होती. पाय बराचसा परत आला, हात अर्धाच. खांदा उचलतो, कोपर वाकतं, बोटं मिटतात. पण मिटलेल्या बोटांत काही टिकत नाही आणि गरम-गार नीट कळत नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते रक्तदाबाचं. तो कित्येक वर्षं वाढलेलाच होता आणि गोळ्या मी आठवतील तशा घेत होतो.

मुलगी लहान होती तेव्हा घरचा सगळा स्वयंपाक मी करायचो. मग काम वाढलं, घरी यायला रात्र व्हायला लागली, आणि गेली आठ वर्षं दोन्ही वेळचं जेवण बाहेरून यायचं. ओट्यावर फक्त चहा व्हायचा. दवाखान्यातून आल्यापासून ताई रोज डबा देते आहे. तिचंही वय झालंय. उद्यापासून मी करणार.

नोंदी ठेवतोय त्याचं कारण असं की घरी सोडताना ‘काय खावं’ याचा कागद मिळाला, पण ते एका हाताने शिजवायचं कसं हे कुणीच सांगितलं नाही. ज्याचा एक हात अडलाय आणि ज्याला पुन्हा ओट्याशी उभं राहायचंय, त्याच्यासाठी हे आहे. कागदावरचे दोन आकडे मी भिंतीवर लावलेत: मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, भाज्या आणि फळं मिळून निदान ४०० ग्रॅम. गोळ्या आणि पथ्य याबाबत इथे लिहिलंय ते माझ्यापुरतं. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

४ मार्च

बेत: भात, मसुराची डाळ, गाजर-फरसबीची भाजी. साडेपाचला सुरुवात केली.

कांदा ओट्यावर ठेवला आणि सुरी लावली की तो गडगडत जायचा. डाव्या हाताने दाबून धरला तर हातच घसरायचा. साडेसहापर्यंत एक कांदा आणि दोन गाजरं चिरून झाली, तीही वेडीवाकडी. मग पाय थरथरायला लागला. पाच मिनिटं म्हणून खुर्चीत बसलो ते मुलगी आठ वाजता घरी आली तेव्हा जागा झालो. गॅस पेटवलाच नव्हता, तेवढं नशीब. त्या रात्री जेवण बाहेरूनच आलं. मला रडू आलं. ती म्हणाली, “बाबा, उद्या बघू.”

६ मार्च

दोन दिवस ओट्याकडे गेलो नाही, वहीत फक्त वेळा लिहिल्या: किती वाजता अंगात किती त्राण असतं. हात अडतो हे दिसतंच, पण खरा अडसर थकव्याचा आहे. सकाळी नऊ ते अकरा मी बरा असतो. दुपारी चारनंतर उतार लागतो. सात वाजता मला दुधाची पिशवी कापणंही जड जातं. स्ट्रोकनंतरचा हा थकवा कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो, तासभर पडून तो जात नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनीही हेच सांगितलं आणि काम तुकड्यांत करायला सांगितलं.

म्हणजे सात वाजता मी स्वयंपाक करू शकत नाही, हे धरूनच सगळं बसवायला हवं. सुरीचं काम सकाळी, शिजवणं शक्य तेवढं सकाळी, संध्याकाळी फक्त गरम करणं. नऊ वाजताच्या माणसाने सात वाजताच्या माणसासाठी रांधायचं.

आज वजनकाट्यावर भांडी मोजली. माझं नेहमीचं पातेलं रिकामं ९०० ग्रॅम. दोन लिटर पाणी भरलं की जवळपास तीन किलो. तेवढं उजव्या हाताला उचलतं, पण तिरकं धरून ओतता येत नाही. म्हणून पातेलं आधी गॅसवर ठेवायचं आणि तांब्याने पाणी भरायचं. बटाटे, अंडी, भाज्या उकडायच्या तर पातेल्यात तारेची चाळणी बसवायची आणि झालं की चाळणीच उचलायची, पाणी तिथेच राहू द्यायचं. उकळत्या पाण्याचं भांडं हलवायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम.

९ मार्च

पाट केला. ही सगळ्यात उपयोगी वस्तू, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकडाचा साधा चिरायचा पाट घेतला, साधारण ३० बाय २५ सेंटिमीटर. खालून दोन खिळे ठोकून वर काढले, दोघांमधे तीन सेंटिमीटर अंतर, टोकं वर चार सेंटिमीटर. कांदा, बटाटा, गाजर त्यावर खुपसायचं की ते हलत नाही. एका कोपऱ्यात दोन लाकडी पट्ट्या काटकोनात बसवल्या. ब्रेड त्या कोपऱ्यात टेकवला की लोणी किंवा चटका दिलेला टोमॅटो एका हाताने पसरता येतो. पाटाखाली ओलं फडकं. ओलं फडकं नसेल तर पाटच घसरतो, आणि मग खिळ्यांमुळे तो आणखी धोक्याचा.

चुका दोन झाल्या. पहिल्यांदा घरात होते ते लोखंडी खिळे वापरले, एका रात्रीत गंजले. ते काढून स्टेनलेस स्टीलचे लावले. दुसरी चूक म्हणजे टोकं उघडी ठेवली. पाट उचलताना तळहाताला लागलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, त्यामुळे थांबायला वेळ लागला. स्वच्छ कापड घट्ट दाबून पंधरा मिनिटं बसलो. आता काम झालं की टोकांवर बाटलीची दोन बुचं बसवतो. अशा गोळ्या चालू असतील तर बुचं आधी शोधा, खिळे नंतर ठोका.

ठोकण्याचं काम मुलीने केलं. आख्खा शनिवार गेला.

१० मार्च

पाटावरचा पहिला कांदा. टोक कापलं, सपाट बाजू खिळ्यांवर दाबली, सालीला सुरीचं टोक लावून सोलली, मग उभे काप, मग आडवे. अकरा मिनिटं लागली. फोडी लहान-मोठ्या होत्या, पण सगळ्या पाटावरच होत्या, जमिनीवर एकही नाही. आठ वर्षांत मी असा कांदा चिरला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं आणि बरं वाटलं.

मग मसूर. ही डाळ भिजवावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. आधी कांदा-लसूण परतलं, मग डाळ, पाणी, शेवटी टोमॅटो. ढवळताना नवीन अडचण आली: दुसऱ्या हाताने धरलेलं नसलं की पळीबरोबर भांडंही गोल फिरतं. सध्याचा उपाय म्हणजे जड बुडाची, लांब दांड्याची कढई. दांडा आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवतो. नंतरची भर: शेवटपर्यंत हाच उपाय टिकला. मधे भांडं जागेवर धरून ठेवणारा, ओट्याला चिकटणारा एक धरणाराही विकत आणला होता. उष्णतेने त्याचं रबर मऊ पडलं. पैसे वाया.

१४ मार्च

चार दिवस मीठ अजिबात घातलं नाही. एकदाच तोडून टाकू असा विचार होता. मुलीने दोन दिवस निमूटपणे खाल्लं, तिसऱ्या दिवशी अर्धं पान टाकलं. चौथ्या दिवशी मी स्वतःच कपाटातली खारट बिस्किटं उभ्या-उभ्या संपवली. हा मार्ग आमच्याकडे चालणार नाही.

त्यातच आज पोट बिघडलं. सकाळी दहाला केलेला भात ओट्यावरच झाकून ठेवला होता आणि सातला गरम करून खाल्ला. सकाळी रांधून संध्याकाळी खायचं ठरवताना हे लक्षातच आलं नाही. भातात अशा जिवाणूंचे बीजाणू असतात जे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आता भात झाला की मोठ्या ताटात पसरतो, वाफ गेली की डब्यात भरून तासाभरात फ्रिजमधे. कुठलंही शिजवलेलं अन्न दोन तासांवर बाहेर राहू द्यायचं नाही. गरम करायचं ते वाफा येईपर्यंत, आणि एकदाच.

१७ मार्च, रविवार

मिठाची बाटली.

हिशेब असा केला: माणशी ५ ग्रॅम म्हणजे आठवड्याला ३५. त्यातलं बरंचसं ब्रेड, चीज, विकतच्या तयार पदार्थांतून आधीच पोटात जातं. म्हणून स्वयंपाकात घालायचं मीठ माणशी २० ग्रॅम धरलं. मुलीला पथ्य नाही, पण तिने सांगितलं, “माझं वेगळं शिजवू नकोस.” दोघांचे मिळून ४० ग्रॅम. रविवारी सकाळी काट्यावर मोजून औषधाच्या एका छोट्या बाटलीत भरायचे आणि मोठा डबा वरच्या फळीवर, जिथे माझा हात पोचत नाही, तिथे ठेवायचा. आठवडाभर त्याच बाटलीतून घ्यायचं.

४० ग्रॅम बाटलीत पाहिले आणि आम्ही दोघंही गप्प झालो. अर्धी वाटीही होत नाही.

२१ मार्च

बाटली गुरुवारीच संपली. वाढवून घेतली नाही. उरलेले तीन दिवस लिंबू, मिरी आणि लसणावर काढायचे.

आज भाजलंही. डाव्या मनगटाखाली रुपयाच्या नाण्याएवढा फोड. कढईच्या कडेला हात टेकला असणार, मला कळलंच नाही. मुलीने पाहिलं तेव्हा तो आला होता. भाजलं की लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं असतं, आणि माझा तो वेळ केव्हाच निघून गेला होता. दवाखान्यात दाखवून आलो, दिवसभर त्यात गेला.

यापुढे गॅस चालू असताना डावा हात जाड मोज्यात. मोजा कोपरापर्यंतचा. पाणी गरम आहे का हे फक्त उजव्या हाताने बघायचं. सुन्न हात गॅसपाशी मदतीला आणायचा नाही, तो पाट दाबायला आणि डबा छातीशी धरायला चांगला आहे.

२८ मार्च

कपाटातल्या सगळ्या पाकिटांची मागची बाजू वाचली. भिंग घेऊन बसलो. बहुतेक पाकिटांवर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, म्हणजे माझा पूर्ण दिवस.

मी आजारात ‘हलकं’ म्हणून सूपचं पाकीट घेत होतो. त्यावर ६५० मिलिग्रॅम सोडियम होतं, मला ते ठीक वाटलं होतं. आज बारीक अक्षर वाचलं: हा आकडा एका वाढपाचा, आणि पाकिटात तीन वाढपं. मी आख्खं पाकीट एका वेळी पीत होतो. १,९५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४.९ ग्रॅम मीठ, एका भांड्यात. चमच्याने घातलं असतं तर माझा हात थांबला असता.

सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम. ब्रेडच्या दोन कापांत ३००. रश्शात घालायच्या विकतच्या वड्यांवरचा आकडा पाहून तर तो डबाच बाहेर काढला. डब्यातले शिजवलेले छोले मात्र ठेवले: त्यातलं पाणी ओतून चाळणीत चांगले धुतले की एक तृतीयांशाहून जास्त सोडियम निघून जातं. हात दुखत असतो त्या दिवशी ते उपयोगी पडतात.

कमी सोडियमचं म्हणून एक मीठही आणलं होतं. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि माझी रक्तदाबाची गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी आहे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनीही ते विचारल्याशिवाय घेऊ नये. माझं पाकीट न उघडताच गेलं.

५ एप्रिल

राजमा. हा आमचा सगळ्यात महागडा धडा.

कुकरचं झाकण लावायला दोन हात लागतात. मुलगी घरी नसते तेव्हा मला ते जमत नाही. म्हणून मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं घेतलं, झाकण नुसतं वर ठेवायचं. राजमा टाकून झोपणार होतो. मुलीने नेमकं वाचलं होतं: कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळल्यावरच नष्ट होतं, आणि अशा मंद भांड्यात पाणी तेवढं तापत नाही. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहून वाईट. उलट्या आणि जुलाब होतात. भांडं बंद केलं.

मग साध्या पातेल्यात उकळला. दीड तास झाला तरी दाणे टणकच. कुणीतरी सांगितलेलं आठवलं म्हणून चमचाभर खाण्याचा सोडा घातला. वीस मिनिटांत लोण्यासारखा मऊ. मोठ्या आनंदाने चार डबे भरले. रात्री झोपताना डोक्यात आलं: सोडा म्हणजे सोडियमच की. सपाट चमचाभर सोड्यात साधारण १,२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, तीन ग्रॅम मिठाएवढं. बाटलीतलं मीठ मी चिमटीने मोजत होतो आणि सोडा चमच्याने घालत होतो.

१२ एप्रिल

राजमा पुन्हा, या वेळी नीट.

मागच्या वेळी टणक का राहिला याची तीन कारणं सापडली. पाकीट दीड वर्षं कपाटात पडलेलं होतं, जुने दाणे लवकर शिजत नाहीत. भिजवला फक्त तीन तास. आणि टोमॅटो सुरुवातीलाच घातला, आंबटाने दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. नवं पाकीट आणलं, रात्री नऊला भिजवला, सकाळी ते पाणी फेकून दिलं, ताज्या पाण्यात मोठ्या आचेवर खळखळून उकळला. दहा मिनिटं तरी हवीच, आम्ही तीस धरतो. मग आच कमी करून तासभर. दाणा बोटांत चुरगळला की मग टोमॅटो, परतलेला कांदा-लसूण, आणि मीठ सगळ्यात शेवटी.

मीठ शेवटी घालण्याचा फरक खरोखर जाणवतो. सुरुवातीला घातलं की ते दाण्यांच्या पोटात शिरतं, जिभेपर्यंत कमी पोचतं. शेवटी वरून घातलेलं थोडंही कळतं. लिंबाचंही तसंच, गॅस बंद केल्यावर पिळायचं.

आज बाटली शनिवारपर्यंत पुरेल असं दिसतंय.

२० एप्रिल

रक्तदाब. तीन आठवडे घरी मोजून वहीत लिहितोय आणि आकडे बघून घाबरत होतो: १५८/९४, १५४/९२. वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मोजता कधी?” मी गॅस बंद केला की लगेच उभ्यानेच मोजत होतो, वर चहाही घेतलेला असायचा.

नीट मोजायचं ते असं: आधीचा अर्धा तास चहा-कॉफी नाही, श्रम नाहीत. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. मला चांगल्या हातावर मोजायला सांगितलं आहे. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. तसं मोजल्यावर आकडा १४२/८६ निघाला. अजून जास्तच आहे, पण तीन आठवडे मी ज्या आकड्याने झोप घालवली तो खोटा होता. वहीतली ती पानं आता उपयोगाची नाहीत.

२८ एप्रिल, रविवार

खर्चाचा हिशेब. आकडे इथे देत नाही, कारण प्रत्येक घरचे वेगळे. प्रमाण सांगतो.

मार्चमधे घरचं जेवण बाहेरच्यापेक्षा महाग पडलं. पाट, काटा, चाळणी, डबे, कोपरापर्यंतचा मोजा, वाया गेलेला धरणारा, विजेचं भांडं. शिवाय पहिल्या उत्साहात आठवड्याची म्हणून आणलेली पालेभाजी: मी चिरू शकत होतो त्याच्या दुप्पट आणली आणि निम्मी कुजली. एप्रिलमधे तोच खर्च बाहेरच्याच्या निम्म्याच्या जरा खाली आला. पालेभाजी आता दोन दिवसांपुरतीच आणतो. कोबी, गाजर, लाल भोपळा आठवडाभर टिकतात. भोपळा मंडईतूनच कापून घेतो, तो चिरणं माझ्या हातचं नाही. गोठवलेले मटार आणि फरसबी यांना मी आधी नाक मुरडत होतो. आता ते नेहमी असतात: सोलायला नको, चिरायला नको, मीठही घातलेलं नसतं.

वेळेचा हिशेब: कांदा आता चार मिनिटांत. सकाळचं एकूण काम पन्नास मिनिटं, त्यात दोन वेळा बसणं धरून.

९ मे

नऊ दिवस नोंद नाही, कारण नऊ दिवस स्वयंपाक नाही.

फिजिओथेरपीची वेळ सकाळी दहाची झाली. तिथून आलो की मी संपलेला असतो. मुलीची परीक्षा चालू. पहिल्या दिवशी बाहेरून मागवलं, दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या दिवसापासून तर प्रश्नच पडला नाही. आठ वर्षांची सवय तीन दिवसांत परत आली. चेहरा सुजल्यासारखा वाटतोय, सकाळचा आकडा १५०/९० वर गेलाय. बाटलीत मीठ तसंच शिल्लक आहे आणि ते पाहून वाईट वाटतं.

ताईला फोन केला. तिला वाटलं मी डबा मागतोय. तिला फक्त सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, सकाळ गेली तर दुसरी वेळ शोध. आणि एक दिवस बुडाला तर घरात काहीतरी असूच दे की.”

१२ मे, रविवार

ताईचं ऐकलं. फ्रीजरचा सगळ्यात खालचा खण रिकामा केला. वाकायला सोपा नाही, पण उभा राहून उघडला की एका नजरेत सगळं दिसतं. त्याला आम्ही ‘सातचा खण’ म्हणतो, कारण तो सात वाजताच्या माणसासाठी आहे. त्यात नेहमी सहा जेवणं असायला हवीत. चारच्या खाली संख्या आली की पुढच्या मोकळ्या सकाळी खण भरायचा, दुसरं काही नाही.

डबे चपटे घेतले. खोल डब्यातलं अन्न मधे गोठलेलंच राहतं आणि कडेला करपतं, हे एप्रिलमधे दोनदा झालं होतं. एका डब्यात एका माणसाचं एक जेवण. मोठा गठ्ठा गोठवला तर तो फोडायला दोन हात लागतात. झाकण क्लिपचं, पिळायचं नाही. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर पदार्थ आणि तारीख. खायच्या आदल्या रात्री डबा फ्रिजमधे खाली काढून ठेवायचा, ओट्यावर वितळवत ठेवायचा नाही.

आज मुलगी घरी होती. दोघांनी मिळून तीन तासांत मसूर, राजमा आणि भोपळा-छोले केले. तिने झाकणं लावली, मी चिरलं. मधे ती म्हणाली, “बाबा, तू कोबी माझ्यापेक्षा बारीक चिरतोस.”

दहा डबे झाले.

२ जून

तीन आठवड्यांत बाहेरचं जेवण दोनदा, दोन्ही वेळा ठरवून. सातच्या खणातून चौदा डबे गेले. त्यातले अकरा फिजिओथेरपीच्या दिवसांचे.

परवा एका लग्नात जेवलो. पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. सगळेजण चवीने खात होते, मला ते खारट लागत होतं. जीभ बदलायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात असं सांगितलं होतं. माझी बारा आठवड्यांनी बदलली. मार्चमधे ज्या डाळीचं पान टाकावंसं वाटत होतं, तीच डाळ, तेच मीठ, आज मला पुरेशी लागते. टोमॅटो गोड असतो हे मी विसरलो होतो.

सकाळचे सात दिवसांचे आकडे: १३०/८० ते १३६/८४. गोळी आता एकही चुकत नाही, हेही त्यात आहेच. आकडा उतरला म्हणून गोळी कमी करू का, असं एका ओळखीच्याने विचारलं. त्याला मी हात जोडून सांगितलं की तसं करू नकोस, मी तेच केलं होतं.

९ जून, रविवार

पाटाचा एक खिळा हलायला लागला होता. मुलगी बाहेर होती, म्हणून पाट गुडघ्यांत धरून मीच ठोकला. हातोडी उजव्या हातात. डाव्या हाताने खिळा धरला नाही, पण पाट धरला. वीस मिनिटं लागली. खिळा जरा तिरका बसलाय, कांद्याला चालतो.

बाटली मोजली: ४० पैकी ६ ग्रॅम शिल्लक. त्यातले दोन मुलीने उकडलेल्या अंड्यांवर घेतले. नवे ४० भरले.

जे अजून जमत नाही ते: कुकरचं झाकण, मासळी साफ करणं, पातळ पीठ एका हाताने ओतताना भांडं धरणं. मासळी साफ करून घेतो. कुकरसाठी बाजूच्या कळीचं झाकण एका हाताने बसतं असं ऐकलंय, दुकानात जाऊन हाताने करून बघितल्याशिवाय घेणार नाही.

सातच्या खणात आता तीन डबे आहेत. फिजिओथेरपीला उद्या सुट्टी. राजमा भिजवायचाय, नऊचा गजर लावलाय.